विहिरीचं वळण

सोमवारी सकाळी सात वाजता सोनम सरगर पोहून परत येत होती, तेव्हा तिला चौकात स्वतःचाच चेहरा दिसला. दहा बाय पंधरा फुटांचा फ्लेक्स, भंडाऱ्यासारखा भडक पिवळा. मधोमध सायकलचं हेल्मेट घातलेली सोनम, आणि तिच्या फोटोपेक्षा थोड्या मोठ्या आकारात, मोबाईल कानाला लावलेला तिचा चुलतभाऊ धनाजी. खाली लिहिलं होतं: ‘लोहकन्या सोनमआक्का सरगर यांचे खडतर स्पर्धेतील घवघवीत यशाबद्दल हार्दिक अभिनंदन.’

स्पर्धेला अजून महिना बाकी होता.

ती सायकलवरून उतरली नाही. एक पाय रस्त्यावर टेकवून फ्लेक्स पूर्ण वाचला आणि तशीच कारखान्यात आली. मी त्याच कारखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीचं काम बघतो. एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत आणि सोनम तपासणीच्या टेबलावर असते. आठ तास उभं राहून रोज हजारभर टॉवेल डोळ्यांखालून घालते. त्या दिवशी तिने टॉवेल असे आपटले की शेजारच्या रंभाबाई म्हणाल्या, “बाई, कापडाचा काय गुन्हा?”

“कापडाचा न्हाय. माज्या भावाचा हाय.”

तिची स्पर्धा सोप्या शब्दांत सांगतो. समुद्रात तीन किलोमीटर आठशे मीटर पोहायचं, बाहेर येऊन एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, मग बेचाळीस किलोमीटर पळायचं. सगळं एका दिवसात. आणि पहिली अट अशी, की दोन तास वीस मिनिटांत पाण्याबाहेर आलं नाही तर तिथेच थांबवतात. मागच्या वर्षी सोनम दोन तास चोवीस मिनिटांनी बाहेर आली. किनाऱ्यावरच्या मुलीने तिच्या घोट्याची, वेळ मोजणारी पट्टी काढून घेतली आणि ‘थँक यू मॅम’ म्हणाली. गावाहून जीप भरून चौदा माणसं आली होती. बिरोबाचा भंडारा उधळायला आणला होता. त्या पिशवीची गाठ न सोडता ती परत नेली. रस्ताभर जीपमध्ये कुणी बोललं नाही, आणि कुणी बोललं नाही याचाच सोनमला अजून राग आहे.

म्हणून या वर्षी तिने स्वतःच ठरवलं होतं. तयारीतला सगळ्यात अवघड आठवडा हाच होता आणि त्याच्या शेवटी, रविवारी, हिप्परग्याच्या तलावात पूर्ण अंतर पोहायचं होतं. दोन वीसच्या आत आली तर स्पर्धेला जायचं. नाही आली तर नाव मागे घ्यायचं. तीन आठवड्यांपूर्वी त्याच तलावात तिला दोन तास एकतीस मिनिटं लागली होती.

मंगळवारी पहाटे ती अठरा किलोमीटर पळाली. घरी आली तर नळाला पाणी आलेलं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे पाण्याच्या दिवशी माणूस कितीही दमलेला असो, त्याला सुट्टी नसते. दोन पिंपं, सहा घागरी, वरची टाकी, आणि मग कामावर. बुधवारी संध्याकाळी तिने धनाजीला गाठलं. धनाजी तिच्याहून चार वर्षांनी लहान, जमिनीची मध्यस्थी करतो, आणि यंदा वॉर्डातून उभं राहायचं त्याच्या डोक्यात आहे.

“फ्लेक्स काढ.”

“का गं आक्का? फोटो चांगला न्हाय आला का?”

“यश कुटं हाय त्यात? लिवलंयस काय तू?”

“होणारच की. आदी लावलं म्हणून काय बिघडलं? नंतर चौकात जागा मिळत न्हाय. वाढदिवसांची गर्दी असती.”

“धना, मी मागच्या वर्षी पाण्यातनं हाकलून दिलेली बाई हाय. लोक मला पेढे मागायलेत.”

“मग दे की पेढे,” धनाजी म्हणाला. “गल्लीतल्या पोरींना प्रेरणा मिळायली. काल दोघी सायकल मागत होत्या बापाकडं.”

तिने त्याला मारलं नाही, एवढंच. हे तिने मला स्वतः सांगितलं.

गुरुवारी पुन्हा तरणतलाव. तिथले हिंदुराव सर कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांच्या जमान्यात ते रेल्वेच्या संघातून पोहायचे. पैसे घेत नाहीत, वेळ चुकवत नाहीत, आणि चांगलं बोलायची त्यांना सवय नाही. काठावर स्टॉपवॉच घेऊन ते एकच वाक्य वर्षभर बोलत आले होते.

“हळू. हळू पोहतीस तू. म्हैस तरी बरी, तिला घाई नसते.”

“जोर लावतेय की सर.”

“जोर नुसता दिसतोय. पुढं कुठं जातोय?”

सोनम वर्षभर तेच ऐकत होती आणि वर्षभर जोर वाढवत होती. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना कायम पट्ट्या असायच्या. तरणतलावात पोहणाऱ्यांच्या रांगा वेगळ्या ठेवायला प्लास्टिकच्या चकत्यांचे दोर बांधतात. डावीकडच्या दोराला तिची बोटं घासून सोलायची. आम्ही सगळ्यांनी त्या पट्ट्या बघितल्या होत्या. फक्त डाव्याच हाताला का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी इंजिनिअर म्हणवतो.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता बसली होती. खांदा वर होत नव्हता. मी म्हणालो, तीन आठवड्यांपूर्वीचं पोहणं तुमच्या घड्याळात साठवलेलं असेल, त्याचा नकाशा बघू. वेग नेमका कुठे पडतो ते तरी कळेल.

“सर म्हणाले ते घड्याळ खोटं हाय. तळ्यातल्या चार खेपा मिळून तीन-आठशे मोजून घेतलं होतं. घड्याळ चार-तीनशे दाखवत होतं.”

मी माझ्या फोनवर नकाशा उघडला. पंपघरापासून पलीकडच्या काठापर्यंत जाणं, परत येणं, पुन्हा जाणं, पुन्हा येणं. चार रेघा. त्या सरळ असायला हव्या होत्या. प्रत्येक रेघ धनुष्यासारखी वाकलेली होती. जाताना डावीकडे, येतानाही तिच्या डावीकडे. खूप लांब भरकटल्यावर एकदम कोपरा, म्हणजे तिथे तिने मान वर काढून दिशा सुधारली. पुन्हा वाक.

सोनमने फोन माझ्या हातातून घेतला. ती तो टॉवेलसारखा बघत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता.

“चारी टायमाला एकाच अंगाला,” ती म्हणाली. “हर टॉवेलात त्याच जागी दोष आला तर तो सुताचा नसतोय. मागाचा असतोय.”

मी गणित केलं. घड्याळ खरं होतं. ती खरोखरच चार किलोमीटर तीनशे मीटर पोहली होती. त्याच वेगाने सरळ गेली असती तर दोन तास चौदा मिनिटांच्या आत बाहेर आली असती.

मला वाटलं ती खूश होईल. ती उठली, डबा तसाच पिशवीत टाकला आणि म्हणाली, “वरीसभर. एक आख्खं वरीस मला हळू म्हणले.” मग टेबलावर गेली.

शनिवारी दीडशे किलोमीटर सायकल होती. ती नेहमी मंगळवेढ्याच्या पुढे आपल्या गावी जाऊन परत येते, म्हणजे आईच्या हातचं खाणं होतं. त्या दिवशी तिने आई फुलाबाईने पुढे केलेली भाकरी घेतली नाही. सायकल भिंतीला लावली आणि वडिलांना घेऊन सरळ विहिरीवर गेली. येडूआप्पा सत्तरीला आलेत, अजून चाळीस मेंढरं राखतात. पुढचं सगळं मला सोनमने सांगितलं, आणि नंतर आप्पांनीही, जवळपास त्याच शब्दांत.

“आप्पा, मला पोहायला कसं शिकवलंत?”

“कसं म्हंजी? कंबरंला कासरा बांदून. तू खाली पाण्यात, म्या वर काठावनं फिरायचो.”

“कुटल्या अंगानं? फिरून दाखवा.”

आप्पांना वाटलं पोरगी उन्हाने बिघडली. पण ते फिरले. विहिरीच्या काठावरून, जणू अजून हातात कासरा आहे असे, गोल. सोनम वरून पाण्याकडे बघत राहिली. खाली असती तर ती सतत डावीकडे वळत राहिली असती.

“उलट्या अंगानं का न्हाय फिरला?”

“तिकडं मोटंचा दगड हाय. कासरा अडकतोय.”

“अन् मी?”

“तू माज्याकडं बगत. मान काडायचीस ती माज्याच अंगाला, उजवीकडं. नजर हटली की रडायचीस.”

म्हणजे पंचवीस वर्षं ती उजवीकडे मान काढून श्वास घेत होती, उजव्या हाताने जास्त पाणी ओढत होती, आणि एका गोल विहिरीत फिरत होती. तरणतलावात दोरांनी तिला सरळ धरलं आणि बोटं सोलून घेतली. समुद्रात दोर नव्हते.

“म्हंजी तुमच्यामुळं झालं हे समदं,” ती म्हणाली.

आप्पा म्हणाले, “बुडाली न्हाईस न्हवं?”

तिचा राग आणखी वाढला. ती काठावर बसली. आप्पाही बसले. मग तिने विचारलं, “मोकळ्या माळावनं मेंढरं सरळ कशी नेता?”

“बाभळ धरायची एक लांबची. वीस पावलं चालायचं, मान वर करायची, बाभळ हाय का बगायचं. फुडं वीस. पायाकडं बगत गेलं की सांजच्याला माणूस हितंच येतंय.”

“सर बी मान वर काड म्हणत्यात. पण तळ्याच्या पल्याड कायच वेगळं दिसत न्हाय. समदी झुडपं करडी. शोदत बसलं की दम तुटतोय.”

“मग दिसंल असं कायतरी बांद की.”

परतीच्या पंचाहत्तर किलोमीटरला समोरून वारा होता. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आलेली, आणि ती एकटी दात ओठ खाऊन पायडल मारत होती. साडेपाचला तिचा फोन आला.

“इंजिनिअर, कारखान्याची लांब शिडी मिळंल का?”

सहा वाजता आम्ही चौकात होतो. मी शिडी धरली, ती वर चढून तारा सोडत होती. दीडशे किलोमीटर चालवलेले पाय थरथरत होते आणि शिडीतून ते मला हाताला जाणवत होतं. अर्धा फ्लेक्स खाली लोंबला तेव्हा धनाजी मोटारसायकलवरून आला.

“आक्का, पैसे गेलेत त्याला. चौकात काय तमाशा लावलायस? लोक काय म्हणतील, घरात भांडणं हायत.”

“हायतच.”

“फाडणार काय?”

“न्हाय. कामाला लावणार हाय. तू सकाळी पाचला हिप्परग्याला ये. दोन बांबू घेऊन ये.”

“मी कशाला?”

“शुभेच्छुक हायस न्हवं? खाली लिवलंयस.”

रविवारी तो आला. बांबू घेऊन आला, हे सांगायला हवं. पलीकडच्या काठावर दोन बाभळींच्या मध्ये आम्ही फ्लेक्स ताणून बांधला. अलीकडून एक किलोमीटरवरून चेहरे दिसत नव्हते, अक्षरं दिसत नव्हती, धनाजीचा मोबाईल तर नाहीच नाही. करड्या काठावर फक्त एक पिवळा चौकोन. येतानाच्या बाजूला पांढरं पंपघर होतंच.

हिंदुराव सरांनी नकाशा आदल्या रात्रीच माझ्या फोनवरून मागवून घेतला होता. पावणेसातला त्यांनी स्टॉपवॉच दाबलं. मासे धरणारा सिद्धप्पा फुगवलेल्या ट्यूबवर बसून तिच्याबरोबर निघाला.

वीस हात, मान वर. वीस हात, मान वर. पहिल्या फेरीला तिचा ताल सारखा मोडत होता आणि सर दात चावत होते. दुसऱ्या फेरीत ती पुन्हा डावीकडे ओढली गेली, सिद्धप्पा ओरडला, ती परत रेघेवर आली. तिसऱ्या फेरीला ती वीस मोजायची विसरली असावी, कारण मान आपोआप वर येत होती. शेवटच्या फेरीला खांदा गेला. उजवा हात पाण्यावर येत नव्हता, घसटत पुढे जात होता. धनाजी अलीकडच्या काठावर येरझाऱ्या घालत होता आणि कुणालाच उद्देशून नसलेल्या शिव्या देत होता.

दोन तास, सतरा मिनिटं, चाळीस सेकंद.

ती पंपघराच्या पायरीवर हात टेकवून उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या तोंडाकडे बघून तसं धाडस झालं नाही.

“सर,” ती म्हणाली, “मी हळू हाय का?”

हिंदुराव सरांनी स्टॉपवॉच पुन्हा बघितलं, जसं काही उत्तर त्यातच लिहिलेलं होतं. “नाहीस.”

“वरीसभर म्हणालात.”

“म्हणालो. मी फक्त घड्याळ बघत होतो, तुझ्याकडे बघायला हवं होतं. माझी चूक.”

“माजी बी. मी मानलं ते.”

तिने टॉवेल घेतला, आमच्याच कारखान्याचा, कडेला धागा सुटलेला. चेहरा पुसला. मग म्हणाली, “स्पर्धेला जायचं हाय. आप्पांना सांगा, जीप आणा, पण भंडारा मी पाण्याबाहेर आल्यावर काढा. आदी न्हाय.”

धनाजीने हळूच विचारलं, “मग आक्का, फ्लेक्स आता चौकात परत लावू का? आता तर काय खोटं न्हाय.”

“अजून एक म्हैना खोटंच हाय. ऱ्हाऊ दे तितंच बाभळीला,” ती म्हणाली. “मंगळवारी पहाटे मला परत लागणार हाय. अन् वरचं टोक सैल झालंय तुज्या अंगाचं. वाऱ्यानं फडफडतंय. जा, घट्ट कर.”

तो गेला. तलावाला अर्धा वळसा घालून जावं लागतं. आम्ही अलीकडून बघत होतो. पिवळ्या चौकोनापाशी एक ठिपका पोचला, बाभळीवर चढला, आणि चौकोनाचा वाकलेला कोपरा सरळ झाला.