दिगाची बोटं आणि चुन्याची रेघ

शैला वहिनींचा फोन आला तेव्हा मी बाजारातून बांगडे घेऊन घरी परतत होतो. "भावजी, तुमचा मित्र गेला," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. सकाळचा चहा पिऊन दिगा ओटीवर टेकला होता, तो उठलाच नाही. बांगड्यांची पिशवी हँडललाच लटकत राहिली आणि मी तसाच हातखंब्याच्या रस्त्याला लागलो. वाटेतलं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्याच्या गॅरेजलगतच्या उतारावर हाताने आपोआप ब्रेक लावला आणि पुढचं चाक बरोब्बर चुन्याच्या रेघेवर थांबलं. मग सवयीने मी वर बघितलं. आता हा काहीतरी अचकट बोलणार म्हणून... त्याचं रेघेपाशीचं स्टूल रिकामं होतं. तेव्हा मला रडू आलं. बाकीचं रडणं लोकांसमोर झालं, त्याला फार अर्थ नाही.

शैला वहिनींचा नवरा दिगंबर, म्हणजे आमचा दिगा. शाळेत आम्ही एका बाकावर, आणि दोघांचीही घरं मासेमारीवर जगणारी. पुढे मी बोटीवर गेलो, इंजिनरूममध्ये पंचवीसेक वर्षं तेल प्यायलो. दिगाला मात्र समुद्र लागायचा. खारव्याचं पोर आणि होडीत बसलं की ओकाऱ्या! बापाने कपाळावर हात मारला आणि त्याला हातखंब्याला एका मिस्त्रीकडे चिकटवला. पण बापाची बोटं त्याच्याकडे आली होती. गरीला मासा लागला की तो केवढा आहे हे म्हातारा नुसत्या दोरीवरून सांगायचा. दिगा तसाच ब्रेकची लिव्हर दोन बोटांनी दाबून सांगायचा, नळीत हवा कुठे अडकली आहे, पॅड किती उरलंय, डिस्क वाकलीय का. स्पोर्ट बाईक घेऊन चिपळूण, दापोलीपासून पोरं त्याच्याकडे यायची ती या दोन बोटांसाठी. काम झालं की त्याचा एक नेम असे. गॅरेजच्या बाजूने वाडीत उतरणाऱ्या रस्त्यावर त्याने चुन्याची एक रेघ मारलेली. गाडी वरून सोडायची आणि त्या रेघेवर उभी करायची. चाक पुढे गेलं तर गाडी मालकाला द्यायची नाही, मग मालक तालेवार असो नाही तर पोलीसपाटील. दर शनिवारी तो ती रेघ नव्याने मारायचा, देवाला रांगोळी घालावी तशी.

मी बोटीवरून कायमचा परतलो आणि बावन्नाव्या वर्षी मोठी स्पोर्ट बाईक घेतली. घरी जे काय ऐकून घ्यायचं ते घेतलं, पण दिगाने केली तेवढी थट्टा कोणीच केली नाही. "या तांडेल! होडी सोडून घोड्यावर?" मग तो गाडीभोवती एक फेरी मारून खाली वाकला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. गाडीला एबीएस होतं, म्हणजे चाक जाम होऊ न देणारं यंत्र, वर ब्रेक एकमेकांना जोडलेले. म्हणजे पायाने मागचा दाबला तरी पुढच्यालाही थोडा लागतो. "कंपनीला वाटतं तुला अक्कल नाय," तो म्हणाला. "कंपनीचं बरोबरच हाय म्हणा." यंत्राचा त्याला राग होता. एवढी वर्षं बोटांनी जे कमावलं ते एका डबीत भरून विकतात, हा तो राग. एबीएसला तो कायम 'थरथऱ्या' म्हणायचा.

तरी मला शिकवलं त्यानेच. आम्हा कोकणातल्या लोकांना लहानपणापासून एकच धडा, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. चिरेखाणीच्या ट्रकांनी वळणावळणावर लाल खडी सांडलेली असते, पुढचं चाक घसरलं की माणूस थेट गटारात. त्यामुळे आम्ही सगळे पायाने ब्रेक लावणारे. पहिल्याच दिवशी उतारावर मी घाबरून पाय दाबला, तर गाडी पुढूनही आवळली गेली. मी दचकून हाताची लिव्हर गच्च धरली, तर ती हाताखाली धडधडायला लागली, जिवंत मासा पकडावा तशी. मला वाटलं मोडलं काहीतरी! दिली सोडून. गाडी करवंदीच्या जाळीत, मी जाळीच्या पलीकडे. दिगा आधी पोट धरधरून हसला, मग माझ्या पाठीतले काटे काढता काढता एकदम गंभीर झाला. "धडधडलं म्हणून सोडतात होय रे? चाक जाम व्हायला आलं की ते स्वतः सोडतं, परत दाबतं. तू फक्त धरून ऱ्हायचं. खडीवर ते चार हात लांब जाऊन थांबेल, पण उभं थांबेल." असं त्याचं. नावं ठेवायची ती ठेवायची, पण खरं ते खरं.

आता जे सांगणार आहे ते दिगा असता तर सांगितलं नसतं. वहिनींनी सांगितलं, लिहा, म्हणून लिहितो.

साखर त्याला बरीच वर्षं होती. औषधाच्या नावाने बोंब, आणि गॅरेजमध्ये गोड चहाचे दिवसाला सहा कप. एका रविवारी सकाळी त्याने मला फोन करून बोलावलं. एक गाडी स्टँडवर लावली होती, तिच्या ब्रेकमधली हवा काढून झाली होती. "बसून लिव्हर दाब," म्हणाला. मी दाबली. "कशी लागते?" मी म्हटलं, मला काय विचारतोस, तूच बघ की. त्यावर तो बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिला. मग आपली उजव्या हाताची दोन बोटं माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "यांना आता काय कळत नाय रे..." साखरेने बोटांच्या टोकांची जाणीव गेली होती. गेले चार महिने तो अंदाजाने काम करत होता आणि रेघेवर गाडी थांबेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा. पोरांना कळलं तर गॅरेज बंद. पण त्याला भीती त्याची नव्हती. आपल्या हातून गेलेली गाडी कोणाला तरी खाली घेऊन जाईल, याने त्याची झोप उडाली होती.

मग त्याची बोटं मी झालो. दर रविवारी सकाळी मी जायचो आणि आठवड्यात केलेल्या गाड्यांच्या लिव्हर दाबायचो. तोपर्यंत एकही गाडी तो सोडत नसे, पोरांना सांगायचा पार्ट यायचाय. आम्ही तीन शब्द ठरवले होते. मलई म्हणजे लिव्हर मऊ, नळीत हवाच हवा. खोबरं म्हणजे थोडी शिल्लक. दगड म्हणजे लिव्हर टणक, काम झालं. तो हवा सोडायच्या निपलला आठ नंबरचा पाना लावून खाली बसायचा आणि म्हणायचा, "दाब... धर... सोड." मी सांगायचो, खोबरं. परत दाब, धर, सोड. रेघेवरची चाचणीही मीच घ्यायची आणि हा रेघेपाशी स्टुलावर बसून बघणार. लोकांना वाटायचं रिकामटेकडा खलाशी वेळ घालवायला येतो. वाटू दे.

एकदा मी खोटं बोललो. दाभोळच्या एका मासळीवाल्याची लाल गाडी होती आणि हवा काही केल्या जाईना. तास झाला. दिगा घामाने निथळत होता, गुडघे भरून आले होते, पाना हातातून दोनदा पडला आणि पडल्याचंही त्याला कळलं नाही. मला ते बघवेना. लिव्हर खोबरंच होती, मी म्हटलं, दगड! त्याचा चेहरा जो काय खुलला... मग मी ती गाडी वर नेली आणि सोडली. ब्रेक लागला, पण अर्ध्या लिव्हरला. चाक रेघ ओलांडून दिगाच्या स्टुलापुढून गेलं आणि गटाराच्या काठावर थांबलं. गाडीला एबीएस होतं, पण नळीत हवा असली तर यंत्र तरी काय दाबणार? दिगा ओरडला नाही. उठला, चाक आणि रेघेमधलं अंतर पावलांनी मोजलं, आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तुझ्या बोटांना कळलेलं," तो म्हणाला, "तोंड खोटं बोललं. माझी कीव आली व्हय रे तुला? त्या दाभोळच्या माणसाची नाय आली?" चाळीस वर्षांत त्याने मला हजार शिव्या दिल्या असतील, पण एवढी लाज कधी वाटली नव्हती. आम्ही परत दीड तास बसलो. दगड होईपर्यंत.

त्यानंतर तो माझ्या गाडीशी जरा प्रेमाने वागायला लागला. येता जाता तिच्या टाकीवर थाप मारायचा. एकदा म्हणाला, "तुझ्या थरथऱ्याला निदान कळतं, चाक धरलंय का सुटलंय. मला पण एक बसवून दे की." आणि हसला. मीही हसलो, काय करणार. त्याच दिवशी त्याने माझ्या गाडीचं ब्रेकचं तेल बदललं. आपल्याकडच्या हवेत ते पाणी धरतं, दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं, हा त्याचा हट्ट.

ती दोन वर्षं या महिन्यात भरली. खोटं कशाला बोलू, मला ते तेल काढायचं नव्हतं. त्याने स्वतःच्या हाताने भरलेलं ते शेवटचं. पण लिव्हर मऊ लागायला लागली होती आणि कानात त्याच्या शिव्या ऐकू येत होत्या. गेल्या रविवारी गॅरेजवर गेलो तर दार उघडं. वहिनी आत फडक्याने पाने पुसून ओळीने लावत होत्या. म्हटलं, वहिनी, तेल बदलायचं होतं, दुसरा मिस्त्री बघतो. त्या आठ नंबरचा पाना घेऊन चाकापाशी बसल्या. "चहाचं उकळतं टोप नुसत्या हाताने उतरवून ठेवायचे," त्या म्हणाल्या, "तेव्हाच मला कळलं. तुम्ही रविवारी येता ते कशाला, हे मला ठाऊक नव्हतं होय, भावजी? आतल्या खिडकीतून बघून बघून हे सगळं शिकले मी. बसा वर."

मी बसलो. "दाबा," वहिनी म्हणाल्या. "धरा... सोडा." जुनं तेल नळीतून बाटलीत उतरलं, काळपट चहासारखं. माझ्याच्याने तिकडे बघवलं नाही. नवं तेल भरलं, परत दाबा, धरा, सोडा. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि पाना हातात धरून माझ्याकडे बघितलं. हात तेलाने माखलेले, गुडघे मातीत, केस कपाळावर. "झाला ना दगड?"

माझ्या तोंडावर आलं होतं, झाला वहिनी, उठा आता. बाहेर रेघ दिसत होती. पावसाने निम्मी धुऊन नेली होती, तरी दिसत होती.

"नाय वहिनी," मी म्हटलं. "खोबरं."

त्यांनी मान हलवली, जराशा हसल्या आणि पाना परत निपलला लावला. "मग दाबा," म्हणाल्या.