लेकीचं घ्यायचं नाही

सातवीत शाळा सोडलेल्या बाईला प्रयोगशाळेत काम मिळतं, हे नागपूरजवळच्या आमच्या सौंसरला अजूनही कोणाला खरं वाटत नाही. काम बाटल्या धुण्याचं. काचेच्या बाटल्या धुवायच्या, वाफेच्या मशीनमध्ये तापवायच्या, मांडून ठेवायच्या. नवरा इथेच, दूर दक्षिणेतल्या या शहरात, कारखान्यात आहे. एखादी बाटली नीट निघाली नाही तर मॅडमचा सगळा प्रयोग वाया जाईल, ही धास्ती मला रोज असते.

मॅडम शास्त्रज्ञ. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींवर त्यांचं काम चालतं. त्या हाडांच्या आत कशा झोपून राहतात, आणि रक्ताच्या कॅन्सरच्या काही पेशीही तशाच झोपून राहून औषधातून कशा वाचतात, ते त्या शोधतात. चहा पिता पिता त्यांनीच मला हे हिंदीत समजावलं. बाटल्या धुणारीला इतकं कोण सांगतं?

आणि बाबांना तोच कॅन्सर निघाला. नागपूरला केमो झाली, रक्त सुधारलं, ते परत संत्र्याच्या बागेत गेले, आणि तो पुन्हा वर आला. मग मॅडमनी इथल्या दवाखान्यात शब्द टाकला. औषधाने रोग खाली बसला तर दुसऱ्याच्या मूळ पेशी देता येतात. मी एकुलती एक. माझ्या अर्ध्याच जुळत होत्या, पण तेवढ्याही चालतात म्हणाले.

चालत नव्हतं ते बाबांना. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मला मूल नाही. बाबा आणि माय इथे आमच्याच खोलीत उतरले, तरी माय स्वतःचा स्टोव्ह वेगळा पेटवायची आणि पाणी बाबा दुकानातून विकत आणायचे.

"पानी नाई पेलं तुह्या घरचं, अन् रक्त घेऊ काय?"

"रक्त नाई बाबा. रक्त तयार करनाऱ्या पेशी."

"मंग तं बेनंच झालं. बेनं कोनी लेकीच्या घरून आनते काय?"

मॅडमनी त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं, मायक्रोस्कोपखाली पेशी दाखवल्या. बाबा बराच वेळ वाकून बघत राहिले. बागवाला माणूस म्हणून मॅडमनी कलमाचं उदाहरण दिलं. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बांधतात, तसंच हे. बाबा हसले. आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "मॅडम, आँख हम फल दिए हुए झाड़ की ही लेते. बिना फल वाले की नहीं लेते."

बागेतली साधी गोष्ट सांगत होते. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मी तिथेच बाटल्या लावत होते.

आम्ही घरी आलो. खोलीत शिरल्या शिरल्या बाबांनी माझ्या माठात ग्लास बुडवला आणि उभ्यानेच प्यायले.

"अवो!" माय तव्यावरची भाकर विसरली.

"काय अवो? तहान लागली." मग माझ्याकडे न बघता, "सांग त्या मॅडमले. काय घ्याचं ते घ्या म्हना."

औषध सुरू झालं. रोग खाली बसला नाही. दुसरं दिलं, तरी नाही. डॉक्टरांनी मला आणि मॅडमना बाहेर बोलावून सांगितलं, आता पेशी देऊन उपयोग नाही. मी जिन्यातच मॅडमना विचारलं, तुमच्याकडे काही असेल ना? इतक्या बाटल्या मी धुतल्या, एखाद्या बाटलीत काही असेल. त्या म्हणाल्या, "अभी नहीं है. मेरे पास अभी सिर्फ़ सवाल हैं." खोटी आशा दिली नाही, त्याचे उपकार मी आजही मानते. पण त्या दिवशी खोटं चाललं असतं मला.

घरी मी कोणालाच सांगितलं नाही. धजलेच नाही. आणि बाबा तर कामाला लागले होते. नवऱ्याकडून पालक मागवायचे, बीट मागवायचे, गूळ-शेंगदाण्याची वाटी माझ्यापुढे सरकवायचे. त्यांना स्वतःला घास गिळवत नव्हता.

"खाय. तुह्यातूनच काढनार हायेत. कमजोर पेशी देशीन काय बापाले?"

"खाऊन राहिली ना बाबा."

"खाऊन राहिली म्हनते! चिमनीवानी टोचून राहिली नुसती. घे अजून."

मी घेतलं. ताट संपेपर्यंत ते समोरून हलणार नव्हते.

"कधी घेतो म्हनतात मंग पेशी?"

मी आणखी एक घास तोंडात कोंबला, बोलावं लागू नये म्हणून.