मोटार इन्स्पेक्टरच्या दारातली चपलांची रांग

सत्तरच्या दशकात आमच्याकडे लायसन काढायचं म्हणजे मोटार इन्स्पेक्टर साहेबांच्या दौऱ्याची वाट बघायची. महिन्यातून एकदा ते हिंगोलीच्या डाक बंगल्यावर येत. मला त्या दिवशी लायसन हवंच होतं. आखाडा बाळापूरच्या एका जिनिंगवाल्या शेठजींनी जीपवर ड्रायव्हर ठेवायचं कबूल केलं होतं, पण सोमवारपर्यंतच थांबणार होते.

तिथली रीत अशी, की माणसांनी उन्हात उभं राहायचं नाही. पायरीपासून ओळीनं चपला काढून ठेवायच्या आणि लिंबाखाली बसायचं. माझी चप्पल चौथी होती. अकरा वाजता साहेबांची गाडी फाटकात दिसली, आणि शिपायानं खराट्यानं सगळ्या चपला गोळा करून कोपऱ्यात ढीग घातला. साहेबांना घाण दिसू नये म्हणून! दोन तास तापलेल्या जमिनीवर अनवाणी बसलेली आम्ही माणसं त्याला घाण वाटलो नाही, हे नशीबच.

मग जी झोंबाझोंबी झाली! जो तो म्हणे, माझीच पहिली. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "भांडून काय मिळून राहिलं? चिठ्ठ्या टाकू. मी नंबर लिहितो." वहीची पानं फाडली.

जवळा बाजारचा एक गडी पुढं आला. "लिहा की. पण वाटे पाडणारा शेवटी उचलतो. तुमी शेवटी घ्या, तवाच आमी चिठ्ठी उचलू."

शेतातल्या मालाचे वाटे असेच पडतात, त्यामुळं मी कबूल झालो. टोपीतल्या चिठ्ठ्या सगळ्यांनी उचलल्या, आणि तळाशी उरला तो एकतिसावा नंबर. नशिबानं तिथंही दावा साधला. त्या गड्याला दुसरा आला.

नंबर पुकारायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. काम असं भराभर सरकलं, की एरवी दिवस मावळेपर्यंत चालणारी टेस्ट तीनलाच सव्विसाव्यावर आली. साहेब खूश होऊन उठले.

"आज लवकर उरकलं. राहिलेले पुढच्या महिन्यात."

"साहेब, पाचच माणसं हायेत. माझी नोकरी जाईल."

"तुमची चिठ्ठ्यांची पद्धत छान आहे हो. पुढच्या वेळी सकाळीच येऊन लिहा," म्हणाले आणि गाडीत बसले. मला त्यांच्या गाडीपुढं आडवं पडावंसं वाटलं.

सोमवारी तरीही शेठजींकडं गेलो. जवळा बाजारचा तो गडी जिनिंगच्या दारात जीप धुवत होता. मला बघून तो मनापासून हसला.

"या भाऊ! तुमच्यामुळं लई तकलीफ वाचली बघा. न्हाईतर माझा नंबर कुठला लागतो?"

त्याच्यावर रागावता येईना, याचाच मला जास्त राग आला.