काजवहिनीचे 'हे'

आमच्या दोन्ही घरांच्या मोऱ्यांच्या खिडक्या एकाच बोळात उघडायच्या. शेजारचं भांडण ऐकायला कान लावावा लागायचा नाही, उलट न ऐकायलाच कष्ट पडायचे.

"मी चाललो. पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"जा! पण टॉवेल ठेवून जा, तो माझ्या पैशांचा आहे!"

दार आपटलं. टॉवेलाचं काय झालं कळलं नाही, माणूस मात्र गेला तो गेलाच.

ही आमची काजवहिनी. शिंप्यांच्या दुकानांतून शर्ट आणून हाताने काजं करून द्यायची, म्हणून ते नाव. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "यांची पाळी बदललीय, काकू. रात्री उशिरा येतात, उजाडायच्या आत जातात."

"नोकरी म्हटली की आलंच," मी म्हटलं. टाकलेली म्हणवून घ्यायचं नव्हतं तिला. वर्षं गेली, पाळी काही बदलली नाही.

एका रविवारी तिचा संडास तुंबला. आत पाणी ओतलं की मोरीच्या जाळीतून वर यायचं.

"प्लंबरला बोलावू?" मी खिडकीतून विचारलं.

"नको नको! हे आहेत ना आज घरी. हेच करतात."

प्लंबर आत आला असता तर त्याला घरभर एकाच माणसाचा वावर दिसला असता, आणि प्लंबरचे पाय दहा घरांत. तिने माझ्याकडचा रबरी पंप नेला. पण पंप दाबला की सगळा जोर मोरीच्या जाळीतून फुस्स. त्या जाळीवर ओलं फडकं दाबून धरायला दुसरं माणूस लागतं.

"अहो, धरा ना नीट!" ऐकू आलं. फुस्स.

"धरलंत का? असं काय करता हो?" फुस्स.

उत्तर कोण देणार? माझा घासायचा हात भांड्यावरच थांबला. मी जाऊन धरलं असतं फडकं. पण मी आत गेल्यावर 'यांना' कुठे ठेवलं असतं तिने?

शेवटी हाक मारली, "वहिनी, भावजींचे हात भरून आले असतील. फडक्यावर भरलेली बादली ठेवा म्हणावं."

पलीकडे पंप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हळूच, "सांगते हं यांना."

बादली भरली, टेकली. पंपाचे दणके बसले आणि एकदम गडगडत सगळं खाली गेलं.

"निघालं, काकू! यांनी काढलं!"

"हाताला गुण आहे हो भावजींच्या. आता कढत साबणाचं पाणी ओतायला सांगा त्यांना."

ती हसली. मग बराच वेळ नळ नुसताच वाहत होता.

मागच्या थंडीत ती झोपेतच गेली. आदल्या संध्याकाळी मला इस्त्रीवाल्याकडे भेटली होती. अंगात कणकण होती, तरी दर आठवड्यासारखी पुरुषाच्या शर्टाची घडी घेऊन आली होती.

"साहेब कपडे मळवतच नाहीत बघा," इस्त्रीवाला म्हणाला. "कॉलर कशी कोरी!"

"फार नीटनेटके आहेत," ती म्हणाली. "जरा कडक करा हं. सकाळी लवकर निघायचंय यांना."