कात्रीबाईच्या दोन डाव्या बाह्या

दुपारी दोन ते चार शटर खाली असतं आणि आत कात्रीबाई कोणा पुरुषाशी गुलुगुलु बोलते, अशी बातमी आमच्या गल्लीत महिनाभर फिरत होती. सुरुवात सलूनवाल्याने केली, तिखटमीठ मी लावलं. खोटं कशाला बोलू? दात गेले, पण जीभ शाबूत आहे. तिला काही उद्योग नको का? आणि पुरावा भक्कम होता. शटरला कान लावला की शब्द कळायचे नाहीत, पण आवाज मऊ, कोणाची तरी समजूत घातल्यासारखा. कात्रीबाईने कोणाशी, अगदी नवऱ्याशीसुद्धा, मऊ बोललेलं उभ्या जन्मात कोणी ऐकलं नव्हतं.

बाईचं दुकान शिवणकामाचं. कापड बेतावं आणि कापावं तर तिनेच. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप गळ्यात तशीच लोंबकळायची, ही नुसतं वरपासून खालपर्यंत बघायची आणि म्हणायची, "मागच्या वर्षीपेक्षा पोट दोन बोटं पुढे आलंय. जरा कमी खा, कापड वाचेल." वही नाही, चिठ्ठी नाही. बावीस वर्षांची मापं तोंडपाठ. कोणी म्हटलंच की बाई, लिहून ठेवत जा, तर उत्तर ठरलेलं असायचं. "वही हरवते. डोकं कुठे जातंय?"

डोकं शटरखाली गेलं. एका सकाळी शटर अर्ध्यावर अडकलं, ही वाकून आत शिरायला गेली आणि ते धाडकन सुटलं. खालची लोखंडी पट्टी डोक्याच्या मागच्या बाजूला बसली. बाई पायरीवर बसली, दोन मिनिटं कुठेतरी भलतीकडेच बघत राहिली, मग उठली. आम्ही चारपाच शहाणे जमलो, केस बाजूला करून पाहिलं आणि निकाल दिला: रक्त नाही, म्हणजे लागलं नाही. तिनेही पदर खोचला आणि संध्याकाळपर्यंत फ्रॉक शिवला.

त्या दिवशी घरी तिला उलटी झाली. "जेवलात का?" हे तिने नवऱ्याला चार वेळा विचारलं. नवरा बस चालवतो, शांत माणूस. त्याला वाटलं, पित्त असेल. तिसऱ्या दिवशी ती कात्रीचं नाव विसरली. "ते द्या हो, ते... दोन पायांचं," म्हणाली आणि रडायला लागली. तेव्हा कुठे तो तिला घेऊन हॉस्पिटलात गेला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं स्पष्ट. "आधी यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "डोक्याला मार लागून उलटी, गोंधळ, विसर सुरू झाला की वाट बघायची नसते. नशीब, आत रक्त साठलेलं नाही."

"डोक्याच्या फोटोत तर काहीच दिसत नाही म्हणता," कात्रीबाई म्हणाली. "मग हे काय होतंय मला?"

"कवटी जागेवर राहिली, पण आतला मेंदू हिंदकळला. त्याचे बारीक बारीक तंतू ताणले गेले. ते फोटोत दिसतीलच असं नाही."

"म्हणजे शिवण उसवलेली नाही, खेचली गेलीय."

डॉक्टरीणबाई हसल्या. "असंच म्हणा. खेचलेल्या शिवणीवर लगेच जोर द्यायचा नाही. बऱ्याच जणांचं हळूहळू बरं होतं. किती दिवसांत, ते मी छातीठोक सांगणार नाही."

पुढचे दोन महिने बाईने कसे काढले ते तिलाच ठाऊक. इस्त्रीखाली कापड करपलं तरी वास येईना. दोन माणसं एकदम बोलली की डोकं धरून बसायची. रागाला तर कारणच लागत नसे. एकदा तिने माझ्या अंगावर दोऱ्याचं रीळ फेकलं. ते मात्र मला लागायलाच हवं होतं, असं सलूनवाल्याचं मत.

मग ती हट्टाने दुकानात परतली आणि पहिलंच काम घेतलं हेडबाईंच्या कोटाचं. हेडबाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्यापुढे शिपाईसुद्धा पोट आत ओढून उभा राहतो. कोट तयार झाला. हेडबाईंनी डावा हात घातला, छान. उजवा घातला, तर बाही पाठीमागे पळायला लागली. कापड न उलटता कात्रीबाईने दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तिने कात्री टेबलावर ठेवली. त्याच आठवड्यात एक मोबाइलवाला दुकान भाड्याने मागायला आला. नवरा म्हणाला, "देऊन टाकू. दुकानापेक्षा तुझा जीव मला जास्त मोलाचा आहे." ती म्हणाली, "महिनाभर थांबा. मग मीच किल्ली देते."

आणि हेडबाई पुन्हा आल्या. हातात तेच कापड, नवा तुकडा. "या वेळी निदान दोन्ही उजव्या काप," त्या म्हणाल्या. "मागच्यांबरोबर जोडी तरी जमेल."

कात्रीबाई हसली. किती दिवसांनी!

दुसऱ्या दिवसापासून दुपारी शटर खाली यायला लागलं, आणि आमच्या जिभा वर.

बातमी फिरत फिरत बस डेपोत पोचली. एका दुपारी नवरा गणवेशातच आला. सलूनवाल्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. मी बाकावरून उठलो. गुडघे दुखतात माझे, पण अशा वेळी दुखत नाहीत. त्याने शटर वर सरकवलं आणि आम्ही त्याच्या खांद्यावरून मान लांब केली.

आत कात्रीबाई, टेबलावर कापड, आणि भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेली मापं.

"कोणाशी बोलतेस?" नवऱ्याने विचारलं.

"माझ्याशी. दुसरं कोण ऐकतं इथे?" मान वर न करता ती म्हणाली. "गप्प उभे राहा, नाहीतर पहिल्यापासून करावं लागेल." मग तोच मऊ आवाज: "डावी झाली. फुली मारली. आता कापड उलटं कर. केलंस का? केलं. परत एकदा बघ. बघितलं. आता घे कात्री. घाई नाही, बाई."

कात्री चालली. एका दमात, बाहीच्या मुंढ्याच्या गोलाईतून, तीच जुनी चाल. नवऱ्याने खाली बसून बूट काढले, आवाज नको म्हणून. आत जाता जाता शटर आमच्या नाकासमोर ओढून घेतलं.

हेडबाईंनी कोट घातला, दोन्ही हात वर केले, खाली केले, आरशात पाठ पाहिली. "चालेल," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे बक्षीस समारंभच. मोबाइलवाल्याने पुढच्या गल्लीत दुकान घेतलं.

अजूनही ती पूर्वीसारखी नाही. तासभर काम, अर्धा तास आडवी. वास अजून येत नाही. इस्त्रीजवळ घड्याळ ठेवते. मापं भिंतीवरून वहीत गेली, आणि वही सापडत नाही म्हणून रोज माझ्यावर आळ. मी तिच्यासारखी दुसरी बाई पाहिली नाही. पण हे तिला सांगू नका, भाव खाईल.

तर त्या दुपारचं खरं एवढंच. उजेड आणि आवाज सोसत नव्हता म्हणून शटर बंद असायचं. पुढची पायरी आठवत नव्हती म्हणून ती बोलून काम करायची. आत पुरुष नव्हता.