चंपतचं फडकं

बेला ते आदिलाबाद जीप चालवणाऱ्या चंपतला मळकं काही बघवत नसे. सालदाराचा पोर, घराण्यात स्टेअरिंगला हात लावणारा पहिलाच. म्हणून खांद्यावर कायम पिवळं फडकं. जीप थांबली की आधी तिचं तोंड पुसायचं, मग बोनेट उघडायचं, मग बाकीचं जग.

त्र्याण्णव सालच्या कापसाच्या हंगामात ती जीप तापायला लागली. पाणी भरलेलं, पट्टा ताठ, पंखा गरगर फिरतोय. आदिलाबादच्या मिस्त्रीनं दोनदा पाहिली अन् "कुछ नहीं है" म्हणून परत दिली. वर मालक उद्धवराव रविवारी स्वतः न्यायचे, तेव्हा तापमानाचा काटा जागचा हलत नसे.

"माझ्या हाती थंडगार, अन् तुया हाती ताप! काय गौडबंगाल हाय रे?"

"मलेबी समजून नाही राह्यलं, मालक."

"आज तापली तं चाबी इथं ठेवजो. डोमाजी तयारच हाय चालवाले."

त्या सकाळी जैनथच्या पुढं, कापसाच्या बैलबंड्यांच्या रांगेमागं काटा चढलाच. चंपतला काही सुचेना. पाय जास्त दाबतो का आपण? की गाडीलेबी मालक-नोकर समजते? त्यानं स्वतःच्या पायाकडे पाहिलं. पाय तर नेहमीचाच होता.

जीप कडेला घेऊन तो उतरला अन् फडकं काढलं.

"थांब! फडकं खाली ठेव!" पुढच्या सीटवरून द्वारकाबाई ओरडली. ती आदिलाबादच्या दवाखान्यात आया होती, रोजची सवारी.

"काऊन, मावशी?"

"तीन दिवस पाहून राह्यली. तू आधी तोंड पुसतं, मंग आजार शोधतं. पोराचं गळतं नाक पुसून डाक्टरपुढं उभं केलं तं डाक्टर काय म्हणल? कुछ नहीं है!"

चंपत वाकला. रेडिएटरपुढं त्यानंच दसऱ्याला बारीक जाळी बांधली होती, कापूस आत जाऊ नये म्हणून. त्या जाळीवर बंड्यांवरून उडालेला कापूस बोटभर थापला होता. वारा शिरायला फटसुद्धा नाही. अन् हेच तो रोज आपल्या हातानं पुसून टाकायचा अन् मग विचारात पडायचा!

त्यानं तो थर अलगद, फाटू न देता सोलला.

संध्याकाळी उद्धवरावांच्या ओट्यावर त्यानं चाबी ठेवली, शेजारी तो पांढरा थर.

"हे काय?"

"ताप, मालक. आजबी तापली. जाळीवरून काढला."

"मंग माझ्या हाती काऊन नाही?"

"तुमी रविवारी जाता. रविवारी मोंढ्यात कापसाची खरेदी बंद, बंड्या नाही रस्त्यावर."

उद्धवरावांनी थर उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. चेहऱ्यावर विश्वासही नव्हता अन् अविश्वासही. शेवटी चाबी बोटानं चंपतकडे सरकवली.

"उद्या मी बसतो बाजूले. जाळी काढून चाल, बंड्यांच्या मागूनच, तापते का पाहू. अन् ते फडकं घरी ठेवजो!"