परवा गस्ती नौका

लोकांच्या वाढदिवसांचे फोटो बघायचा मला भयंकर तिटकारा आहे. म्हणून मी फोनवर फीड रीडर ठेवला. आपल्या आवडीच्या वेबसाइट निवडायच्या; तिथं नवीन काही आलं की त्याचा मथळा आपोआप आपल्याकडे येतो. माझ्याकडे अठरा होत्या: हवामानाची, क्रोशाची, पक्ष्यांच्या दोन, आणि मालवणच्या एका निवृत्त मास्तरांची. मास्तर किनाऱ्यावरच्या बातम्या स्वतः लिहीत, अगदी बोलल्यासारख्या. तोंडवलीत पर्यटकांसाठी आमच्या दोन खोल्या आहेत. सकाळी त्यांचा चहा चढवला की मी मथळे मोठ्यानं वाचायची आणि दादा न्याहारी करता करता ऐकायचा. "काय म्हणता गो तुझा फीड?" हे त्याचं रोजचं.

दादाची मासेमारीची होडी होती. त्या वर्षी बाहेरचे ट्रॉलर थेट किनाऱ्यापर्यंत घुसून मासळी ओरबाडून नेत होते. आमची जाळी त्यांनी दोनदा फाडली. दादा नुसता धुमसत होता. एकदा त्यानं ताट भिंतीवर भिरकावलं, पेजेसकट. वहिनी रडली. मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. जिभेला हाड आम्हा दोघांनाही नाही.

एका सोमवारी मास्तरांचा मथळा आला: 'परवा गस्ती नौका तोंडवलीसमोर'. मी वाचला. दादाचा घास हातातच राहिला.

"परवा? म्हणजे बुधवारी! सरकारी बोट मागे आसली तर एकेकाक दाखवतलंय."

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात परवा म्हणजे येणारा दिवस. गेला तो पयर. मास्तर लिहीत शाळेतल्या मराठीत, आणि त्या मराठीत गेलेलाही परवाच. मथळ्याला धड क्रियापदसुद्धा नव्हतं. एक टिचकी मारून उघडलं असतं तर खाली 'येऊन गेली' दिसलं असतं. नौका शनिवारीच येऊन गेली होती. मी उघडलं नाही. चहा उतू जात होता.

बुधवारी उजाडताच सहा होड्या गेल्या. ट्रॉलर इतका जवळ होता की आम्हाला किनाऱ्यावरून सगळं दिसलं. दादानं त्यांच्या दोरावर कोयता घातला. वरून जाळ्याचे शिशाचे गोळे आले, बाटल्या आल्या, मग उकळतं पाणी. किंकाळ्या वाऱ्याबरोबर थेट कानात शिरत होत्या. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होते, "मारा मेल्यांका!" त्या क्षणी मला खरंच कुणीतरी मेलेलं हवं होतं. दादा ट्रॉलरची कड धरून वर चढायला गेला, लाटेनं होडी वर आदळली, आणि त्याचा हात मधे चेचला गेला. गस्ती नौका कुठंच नव्हती.

उजव्या हाताची चार बोटं गेली. इस्पितळात त्यानं एवढंच विचारलं, "बोट कित्याक नाय इली?"

तोपर्यंत मी ती बातमी उघडून वाचली होती. मी म्हणाले, "मुद्दाम पाठवूक नाय मेल्यांनी."

ते वाक्य आजूबाजूच्या गावांत वणव्यासारखं पसरलं. आठवड्यानं आमच्या घरापुढच्या खळ्यात पन्नासेक माणसं जमली, हातात वल्ही आणि कोयते. मासेमारी खात्याच्या कचेरीत जाऊन तिथल्या साहेबाला फोडायचं ठरलं. तो साहेब मी पाहिला होता. चष्मेवाला, सरळ माणूस, जाळ्यांच्या अर्जावर सही करताना दादाला खुर्ची देणारा. दादा सगळ्यांच्या पुढे होता, हात गळ्यात बांधलेला.

"पयलो फटको माझो," तो म्हणाला.

मी फोन घेऊन खळ्यात उतरले. मथळा वाचला. मग त्याखालची ओळ वाचली, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"बोट पयरच येवन गेल्ली," मी म्हणाले. "साहेबान काय करूक नाय. मी इस्पितळात सांगलंय ता खोटा. माका म्हायत होता."

वहिनी माझ्या अंगावर धावली, तिनं माझे केस धरले, मी धरू दिले. दादानं तिला बाजूला सारलं. त्यानं मारावंच असं मला वाटत होतं.

त्यानं गळ्यातला हात सोडवला आणि सवयीनं उजव्याच हातानं माझ्या मुस्काटात मारली. मला काही लागलं नाही. किंचाळला तो.